खाटेच्या उशाशी एक पान

(ज्येष्ठ नागरिक आणि दिव्यांग व्यक्ती यांच्या सेवेशी संबंध येणारे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासाठी भरविलेल्या प्रशिक्षण वर्गात एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा हा संपादित भाग.)



संयोजकांनी आजच्या विषयाला दिलेले नाव काहीसे जड आहे : ‘व्यक्तिकेंद्री सेवेत संक्षिप्त व्यक्तिपरिचयाचा उपयोग’. मी वैद्य नाही, परिचारिका नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि गेली वीस-बावीस वर्षे माहिती खात्यात नोकरी करीत आहे. तेव्हा या नावाचा अर्थ मला जसा कळला, आणि ज्या प्रसंगाने कळला, तसाच तो आपल्यापुढे ठेवतो.

सुरुवात आपल्या सर्वांच्या परिचयाच्या एका कागदापासून करू. तो कागद म्हणजे सातबारा. गावात नव्याने बदलून आलेला कर्मचारी ज्या शिवारात कधी पाऊल ठेवलेले नाही त्या शिवाराविषयी या उताऱ्यावरून पुष्कळ काही सांगू शकतो. जमीन कोणाच्या नावे आहे, क्षेत्र किती, आकारणी किती, पीक कोणते, पाण्याचे साधन कोणते, इतर हक्क कोणाचे, हे सारे त्यात सापडते. एका जमिनीच्या तुकड्याची ओळख एका पानात राहावी, अधिकारी बदलला तरी ती हरवू नये, यासाठी आपण केवढी व्यवस्था उभी केली आहे! पण त्याच जमिनीत चाळीस वर्षे राबलेला म्हातारा एखाद्या रात्री रुग्णालयात दाखल होतो तेव्हा त्याच्याबरोबर कोणता कागद असतो? त्याच्या रोगाचा असतो. त्याच्या वयाचा, वजनाचा, रक्तदाबाचा, विमा योजनेचा असतो. तो माणूस कोण आहे, हे सांगणारा कागद नसतो.

एका रात्रीची गोष्ट

माझे वडील पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. नीरेच्या डाव्या कालव्यावर त्यांची बहुतेक नोकरी झाली. ज्या मंडळींची शेती कालव्याखाली आहे, त्यांना या कामाचे स्वरूप सांगायला नको. आवर्तन सुरू झाले की पाणी रात्र म्हणत नाही. कोणत्या चारीची पाळी कधी सुरू होते आणि कधी संपते, वरच्या अंगाला कोणी दार चोरून उघडले का, टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचले का, हे पाहण्यासाठी वडील मध्यरात्री बॅटरी घेऊन सायकलवर निघत. ते पहाटे परत येत तेव्हा आम्ही मुले झोपलेली असू.

वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी ते अंगणात पडले. खुब्याचे हाड मोडले. एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि ती उत्तम झाली, हे मी आधीच सांगतो. तेथील डॉक्टरांच्या कौशल्याविषयी माझी तक्रार नव्हती आणि नाही. त्या आधीचे वर्षभर वडिलांची स्मृती थोडी थोडी ढळू लागली होती. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या रात्री त्यांचे भान पार सुटले. वृद्ध माणसाच्या बाबतीत मोठ्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवस असा गोंधळ होऊ शकतो, हे मला पुढे समजले.

त्या रात्री मी कामानिमित्त परगावी होतो. जे घडले ते सकाळी कळले. अडीचच्या सुमारास वडील उठून बसले आणि खाटेवरून उतरू लागले. “दार उघडायचंय. टेलला पाणी नाही,” असे ते पुनःपुन्हा म्हणत होते. रात्रपाळीच्या मावशींनी ‘पाणी’ हा शब्द ऐकला आणि पेला आणून दिला. वडिलांनी तो भिरकावला. मग ‘दार’ या शब्दावरून त्यांना बाहेर जायचे आहे असा समज झाला आणि वॉर्डाचे दार लावून घेण्यात आले. त्यामुळे ते अधिकच बिथरले. त्यांनी सलाईनची सुई उपटली. शेवटी त्यांचे दोन्ही हात पट्टीने खाटेला बांधले गेले. बेचाळीस खाटांच्या त्या वॉर्डात दोन परिचारिका आणि एक मावशी होती. त्यांनी दुसरे काय करावे, हे त्यांच्या जागी बसून मलाही सांगता येणार नाही.

सकाळी केसपेपरवर शेरा होता : ‘रात्री रुग्ण अस्वस्थ. सहकार्य करीत नाही.’

मित्रहो, त्या शेऱ्याने मला जेवढे दुखावले तेवढे बांधलेल्या हातांनीही दुखावले नाही. कारण तो शेरा खोटा नव्हता. असे शेरे मी स्वतः अनेक नस्त्यांवर लिहिले आहेत. पण जो माणूस तीस वर्षे टेलच्या शेतकऱ्याच्या पाण्यासाठी झोपमोड करीत आला, तो त्या रात्रीही कामावरच होता. एवढी एक गोष्ट जर त्या मावशींना ठाऊक असती!

मला काय ठाऊक होते?

दुसऱ्या दिवशी वॉर्डाच्या प्रमुख परिचारिकेने मला बाजूला बोलावले. त्या अनुभवी होत्या. “साहेब, तुमच्या वडिलांविषयी आम्हाला उपयोगी पडेल असं एका कागदावर लिहून द्या. रोगाचं नको, ते आमच्याकडे आहे. माणसाचं लिहा,” असे त्या म्हणाल्या.

मी कागद घेऊन बसलो. मंत्रिमहोदयांचा दौरा असो वा पाझर तलावाचे उद्घाटन असो, अर्ध्या तासात दोन पाने वृत्तांत लिहिणारा मी त्या कागदापुढे पाऊण तास बसून होतो. वडिलांची जन्मतारीख मला ठाऊक होती, निवृत्तिवेतनाचा क्रमांक ठाऊक होता. त्यांना चहा किती गोड लागतो, हे ठाऊक नव्हते. ते कोणत्या कुशीवर झोपतात, रात्री दिवा हवा असतो की अंधार, कोणत्या गोष्टीने ते घाबरतात आणि कोणाच्या आवाजाने शांत होतात, यांतले काहीही मला सांगता येईना. आई होती तोवर हे सारे तिच्या डोक्यात होते. तिच्याबरोबर ते गेले. ज्याने उभी नोकरी लोकांना माहिती पुरविण्यात घालविली, त्याच्याजवळ आपल्या बापाची माहिती नव्हती.

मी थोरल्या बहिणीला फोन लावला. शेजारच्या वहिनींना विचारले. आणि दुपारी वडील जरा सावध असताना त्यांनाच विचारले. खरे म्हणजे सुरुवात तेथूनच करायला हवी होती. त्यांनी पहिली मागणी केली ती घड्याळाची. दाखल करून घेताना मौल्यवान वस्तू म्हणून आम्हीच त्यांचा चष्मा आणि मनगटी घड्याळ घरी पाठविले होते. ज्याचे आयुष्य पाळीच्या वेळा सांभाळण्यात गेले, त्याला आम्ही वेळ कळू देत नव्हतो.

संध्याकाळी जो कागद तयार झाला, तो आजही माझ्याजवळ आहे. त्यातील मजकूर असा :

‘मला सगळे अण्णा म्हणतात. आजोबा म्हटलेले आवडत नाही.

माझ्याविषयी लोक चांगले म्हणतात ते असे : वेळेचा पक्का. हिशेब तोंडी करतो. टेलला पाणी पोचल्याशिवाय चारीचे दार बंद केले नाही.

मला महत्त्वाचे : चष्मा आणि घड्याळ अंगावर असावे. पहाटे चारला जाग येते. तेव्हा तोंड धुवून अर्धा कप चहा मिळावा. संध्याकाळी मुलीशी फोनवर बोलायचे असते. रात्री बारीक दिवा हवा.

मला मदत कशी करावी : डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजवीकडे येऊन बोलावे. कूस बदलण्याआधी सांगावे, एकदम हात लावू नये. रात्री मी “दार उघडायचंय, टेलला पाणी नाही” म्हणालो तर मला तहान लागलेली नसते. मी कालव्यावर नोकरीला होतो. आज कोणत्या चारीची पाळी आहे, ते मला विचारावे आणि दोन मिनिटे ऐकावे.’

हा कागद खाटेच्या उशाशी लावला. त्या रात्री पुन्हा अडीच वाजता वडील उठले. मावशी उजव्या बाजूला आल्या आणि म्हणाल्या, “अण्णा, आज कोणत्या चारीची पाळी हो?” वडिलांनी त्यांना चारीचा क्रमांक सांगितला, शेतकऱ्यांची नावे सांगितली, कोण भांडखोर आणि कोण गरीब तेही सांगितले. त्यांनी घड्याळ पाहिले आणि थोड्या वेळाने ते आडवे झाले. हात बांधावे लागले नाहीत.

चमत्कार झाला असे मी म्हणणार नाही. पुढील तीन-चार रात्री कमीअधिक गोंधळ होताच. वडिलांचा आजार कागदाने बरा झाला नाही. परंतु बेचाळीस खाटांपैकी एका खाटेवर कालव्यावरचे अण्णा आहेत, हे त्या वॉर्डाला ठाऊक झाले आणि त्यामुळे त्यांच्याशी होणारे वर्तन बदलले.

कल्पनेचा उगम

ही कल्पना काही माझी नव्हे, त्या परिचारिकेचीही नव्हे. तिच्यामागे तीन-चार दशकांचा विचार आहे.

अमेरिकेतील मेरीलँड राज्यात १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मायकेल स्मल आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे एक प्रश्न होता. बौद्धिक दिव्यांग असलेली माणसे वर्षानुवर्षे मोठ्या संस्थांत राहिल्यानंतर बाहेरच्या समाजात राहायला येत होती. त्यांच्या नस्त्या जाडजूड होत्या, परंतु त्यांत दोष आणि उणिवा यांचीच यादी होती. या माणसाला सुखाने जगायला काय लागते, याचे उत्तर त्यांत नव्हते. म्हणून त्या व्यक्तीला आणि तिला ओळखणाऱ्यांना विचारून जीवनाचा आराखडा तयार करण्याची पद्धत त्यांनी घडविली. इंग्लंडमध्ये हेलन सँडरसन यांनी या विचाराला एका पानाचे सुटसुटीत रूप देऊन त्याचा प्रसार केला. माझ्यात लोकांना काय आवडते, मला काय महत्त्वाचे वाटते आणि मला मदत कशी करावी, हे तीन प्रश्न त्या पानाचा गाभा आहेत. इंग्लंडच्या शासनाने २००१ साली बौद्धिक दिव्यांग व्यक्तींविषयी जी श्वेतपत्रिका काढली, तीत व्यक्तिकेंद्री नियोजनाला महत्त्वाचे स्थान देण्यात आले.

दुसरा प्रवाह स्मृतिभ्रंशाच्या क्षेत्रातून आला. ब्रॅडफर्ड विद्यापीठातील टॉम किटवुड यांनी १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात आग्रहाने मांडले की, स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची अवस्था केवळ मेंदूच्या ऱ्हासावर अवलंबून नसते. भोवतालची माणसे त्याच्याशी कशी वागतात, यावरही ती अवलंबून असते. त्याच्यादेखत त्याच्याविषयी तो तेथे नसल्यासारखे बोलणे, त्याला लहान मुलासारखे वागविणे, घाई करणे, त्याच्या म्हणण्याकडे दुर्लक्ष करणे, या साध्या वाटणाऱ्या गोष्टी त्याचे माणूसपण झिजवितात. त्या करणारे लोक दुष्ट असतात असे नव्हे, असेही किटवुड यांनी बजावले आहे. पुढे २०१० साली ब्रिटनच्या अल्झायमर सोसायटीने तेथील परिचारिकांच्या संघटनेच्या सहकार्याने ‘हा मी आहे’ अशा अर्थाच्या नावाची एक पत्रिका तयार केली. स्मृतिभ्रंश झालेला माणूस रुग्णालयात गेला म्हणजे ही पत्रिका त्याच्याबरोबर जाते.

आपल्या देशाला या विचाराची गरज किती आहे? २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील लोकांची संख्या १० कोटी ३८ लाखांच्या आसपास होती. त्यानंतर ती वाढतच गेली आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी अभ्यासाच्या अंदाजानुसार साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे. पूर्वी अशा माणसाची ओळख घरातल्या बाईच्या डोक्यात असे आणि ती सतत जवळ असे. आता मुलगा पुण्याला, मुलगी नाशिकला, आणि गावी दोघेच वृद्ध, ही स्थिती आपल्यापैकी प्रत्येकाच्या गल्लीत आहे. घरच्यांच्या जागी जेव्हा अनोळखी माणसे येतात, तेव्हा जे डोक्यात होते ते कागदावर यावे लागते.

कायद्यानेही हीच दिशा दाखविली आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा अधिनियम प्रत्येक दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने समता आणि सन्मानाने जगण्याचा हक्क देतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने तर, मानसिक आजारात आपल्यावर कसे उपचार व्हावेत अथवा होऊ नयेत, हे प्रौढ व्यक्तीला आगाऊ लिहून ठेवण्याची सोय केली आहे. आपण ज्या पानाविषयी बोलत आहोत ते असे कायदेशीर लेख नव्हे. पण ‘मला विचारा’ हे तत्त्व दोहोंत एकच आहे.

पान कसे लिहावे?

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. पहिला नियम असा की, पान ज्याचे आहे त्याला विचारूनच ते लिहावे. बोलता येत नसेल तर तो काय पाहून हसतो, कशाला मान फिरवितो, कोणता घास पुढे सरकवितो, हे पाहावे. त्यानंतर त्याच्या जवळच्यांना विचारावे. येथे जवळचा म्हणजे नात्याने जवळचा नव्हे, तर सहवासाने जवळचा. पुष्कळदा मुलापेक्षा शेजारीण किंवा नातवंड अधिक सांगते.

दुसरा नियम भाषेचा. ‘काळजीपूर्वक वागणूक द्यावी’, ‘प्रेमाने बोलावे’, ‘आहाराकडे लक्ष पुरवावे’ ही वाक्ये परिपत्रकात शोभतात, पानावर ती निरुपयोगी होत. नव्याने कामावर आलेल्या मावशीला रात्री अडीच वाजता जे करता येईल तेच लिहावे. ‘भाकरी दुधात कुस्करून दिली तर खाते, चमच्याने भरवलेली आवडत नाही.’ ‘लुगडे बदलताना दार लावावे, नाहीतर रडते.’ ही वाक्ये उपयोगी आहेत. वाक्य वाचून अनोळखी माणसाला काही करता येत नसेल, तर ते खोडावे.

तिसरा नियम, पान रोगाविषयी नसावे. रोग, औषधे आणि कोणते औषध सोसत नाही याची नोंद केसपेपरवरच ठळक हवी. हे पान तिची जागा घेत नाही. जे पान भिंतीवर लागणार, त्यावर रोगाचे नाव, जात, उत्पन्न, घरातले भांडण यांतले काहीही येता कामा नये. गावात सर्व जण एकमेकांना ओळखतात. आपल्या सद्भावनेने कोणाची लाज चव्हाट्यावर येऊ नये. पान लावायचे की खणात ठेवायचे, कोणी वाचायचे, हे त्या व्यक्तीला विचारून ठरवावे. ती नको म्हणाली तर नको.

चौथा नियम, तारीख घालावी. माणूस बदलतो. गेल्या वर्षी ज्याला भजन आवडत होते त्याला यंदा आवाज सोसत नसेल. सहा महिन्यांनी, अथवा प्रकृतीत मोठा फरक पडला की लगेच, पान पुन्हा लिहावे.

आणि पहिला प्रश्न गाळू नये. ‘लोकांना माझ्यात काय आवडते’ ही शोभेची ओळ आहे असे आपल्यासारख्या व्यवहारी माणसांना वाटते. पण असाहाय्य होऊन पडलेल्या माणसाविषयी आपल्याला फक्त त्याच्या गरजाच दिसत असतात. त्याने कधी कोणाला काही दिले आहे, हे त्या ओळीने कळते. वडिलांच्या पानावरील टेलच्या पाण्याची ओळ वाचून शेजारच्या खाटेवरील एका शेतकऱ्याच्या मुलाने त्यांना नमस्कार केला होता.

आपले प्रत्येकाचे काम

शिक्षक बंधुभगिनींनो, हे पान केवळ वृद्धांसाठी नाही. आपल्या वर्गात मेंदूच्या पक्षाघाताचे एखादे मूल असेल. त्याच्यासाठी शैक्षणिक आराखडा तयार होतो, तो आवश्यकच आहे. पण जूनमध्ये वर्ग बदलला, शिक्षक बदलले, की ते मूल पुन्हा अनोळखी होते. ‘मला उत्तर द्यायला वेळ लागतो, पण उत्तर येते. माझ्याऐवजी दुसऱ्याला विचारू नका. खिडकीजवळ बसवा. पाण्याची बाटली उघडून ठेवा, पण माझी मीच पिईन.’ या चार ओळी नव्या शिक्षकांच्या हाती पहिल्याच दिवशी पडल्या तर त्या मुलाचे निदान दोन महिने वाचतील. शिवाय आपले विद्यार्थी निबंध लिहितातच. एकदा ‘माझा आवडता प्राणी’ बाजूला ठेवून, आजीला तीन प्रश्न विचारून तिचे पान लिहून आणायला सांगा. ज्या आजीला अक्षरओळख नाही तिच्या पानाची अडचण तेथेच सुटेल.

पंचायत सदस्यांना माझी विनंती थोडी वेगळी आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला तेव्हा लाखो लोकांना घरे सोडून हलवावे लागले. अशा वेळी अंथरुणाला खिळलेली एखादी वृद्धा नावेतून निवारा केंद्रात पोचते आणि तिच्याभोवती सगळे चेहरे अनोळखी असतात. नदीकाठच्या गावांनी तरी आपल्या परावलंबी वृद्धांची आणि दिव्यांगांची पाने, त्यांच्या संमतीने, प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांच्या शिधापत्रिकेबरोबर ठेवावीत. याला निधी लागत नाही. आशा सेविका अशी घरे जाणतात, पण त्यांच्यावर आधीच कामांचा भार आहे. म्हणून लिहिण्याचे काम गावातील शिकलेल्या तरुणांनी घ्यावे.

शेवटी माझ्या अधिकारी मित्रांना. आपण प्रपत्रांची माणसे आहोत. चांगली कल्पना दिसली की आपण तिचा नमुना छापतो, रकाने पाडतो, उद्दिष्ट देतो आणि मासिक अहवाल मागवितो. या पानाचे तसे झाले तर काय होईल, हे मी आजच सांगतो. वृद्धाश्रमातील साठ जणांची साठ पाने एकाच हस्ताक्षरात एका दुपारी भरली जातील. ‘आवड : भजन. गरज : प्रेम.’ असे प्रत्येकावर लिहिलेले असेल आणि अहवालात शंभर टक्के पूर्तता दिसेल. असे करण्यापेक्षा दहाच पाने व्हावीत, पण ती खरी असावीत. तपासणीला गेल्यावर किती पाने भरली हे विचारू नका. एक पान हाती घ्या, त्या खाटेजवळ जा आणि त्यावर लिहिलेले प्रत्यक्ष घडते का, ते पाहा. चहा पहाटे चारला हवा असे लिहिले आहे आणि स्वयंपाकघर साडेसहाला उघडते, असे आढळले तर दोष पानाचा नाही. मग पान बदलायचे की स्वयंपाकघराची वेळ, याचा निर्णय आपला आहे, आणि खरी परीक्षा तेथेच आहे.

एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो. माणसे अपुरी आहेत, तेथे हे लाड कोण पुरविणार? माणसे अपुरी आहेत हे खरे आहे, आणि कोणताही कागद मावशींची रिकामी जागा भरून काढणार नाही. तसा दावा कोणी केला तर तो मान्य करू नका. परंतु ज्या रात्री वडिलांचे हात बांधले गेले, त्या रात्री दोन परिचारिका आणि एक मावशी त्यांच्यापाशी तासभर अडकून पडल्या होत्या. दुसऱ्या रात्री एकाच मावशीची पंधरा मिनिटे गेली. माणसे कमी आहेत म्हणूनच त्यांना एकमेकांची ओळख लवकर व्हायला हवी.

वडील त्यानंतर दीड वर्ष जगले. ते पान आम्ही घरी आणले आणि चार वेळा नव्याने लिहिले. प्रत्येक वेळी मला त्यांच्याविषयी काही नवे कळले. ज्या वयात मुलाला बाप समजतो असे म्हणतात त्या वयात ते मला कळत होते, आणि कळण्याचे निमित्त एका अनोळखी परिचारिकेची सूचना होती.

म्हणून शेवटी एकच मागणे मागतो. योजना येईल तेव्हा येईल. आज घरी गेल्यावर आपल्या घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसा आणि एका कागदावर ही तीन उत्तरे लिहायचा प्रयत्न करा. प्रथम त्यांना न विचारता लिहा. मग त्यांना वाचून दाखवा आणि ते किती ओळी खोडायला सांगतात, ते मोजा.